अडीच हजार मिलिमीटर पावसातली वैरणटंचाई

दुष्काळ आणि वैरण हे शब्द एकत्र आले की आपल्याला माण, आटपाडी, आष्टी, पाटोदा आठवतं. छावणीतल्या दावणी, उसाचं वाढं, टँकरभोवती उभी गुरं. या यादीत ठाणे, कल्याण, डोंबिवलीचं नाव कुणी घेत नाही. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे गवताची कसली ददात? सप्टेंबरात मलंगगडाच्या पायथ्याला किंवा मुरबाडच्या माळावर गेलं तर कमरेएवढ्या गवतातून वाट काढावी लागते. पण त्याच माळावर एप्रिल-मेमध्ये जावं. गवत जळून काळा पडलेला उतार, गोठ्यात पावसानं भिजून काळवंडलेला पेंढा आणि फासळ्या मोजता येतील अशी गुरं दिसतात. शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही धरणं आहेत, मुंबईचं पाणी तिथून जातं, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतो. माणसांना पाण्याची ही तऱ्हा, तर गुरांच्या हिरव्या चाऱ्याला पाणी कुठून येणार?

ठाण्याचा पाऊस चार महिन्यांत संपतो. उरलेले आठ महिने कोरडे. म्हणजे गुरांच्या बाजूनं पाहिलं तर इथे दरवर्षीच आठ महिन्यांचा दुष्काळ असतो, आणि मान्सून बिघडला की तो नऊ-दहा महिन्यांचा होतो. २०२३ साली मान्सून मुंबई-ठाण्यात पोचायला जूनचा शेवटचा आठवडा उजाडला, आणि पुढे ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०१८ साली राज्य सरकारनं ३१ ऑक्टोबरला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा त्यांत पालघर जिल्ह्यातलेही तालुके होते. कोकणात दुष्काळ पडत नाही ही समजूत जुनी झाली.

माझं म्हणणं असं की ठाण्यातली वैरणटंचाई गवत कमी उगवतं म्हणून होत नाही. गवत चुकीच्या वेळी कापलं जातं, चुकीच्या मापानं विकलं जातं आणि ते ठेवायला आता जागा उरलेली नाही. दुष्काळ या तिन्ही दुखण्यांना उघडं पाडतो, एवढंच.

आधी या गवताचा इतिहास बघू, कारण चुकीच्या मापाची गोष्ट तिथूनच सुरू होते. मुंबई वाढली तशी तिची गवताची भूक वाढली. बेटावरची कुरणं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच अपुरी पडू लागली होती. सरकारनं चराई-पट्टी बसवली तेव्हा सर जमशेटजी जीजीभाईंनी १८३८ साली वीस हजार रुपये घालून ठाकूरद्वारजवळची कुरणं विकत घेतली आणि गरिबांच्या गुरांना मोकळी केली. पुढे तीही बांधकामाखाली गेली. १८५४ साली रेल्वे कल्याणला पोचली, १८७४ साली मुंबईत घोड्यांच्या ट्राम सुरू झाल्या, आणि ठाणे जिल्ह्याचे डोंगर मुंबईचं गवताचं कोठार बनले. ट्रामचे, टांग्यांचे, पलटणीचे घोडे आणि तबेल्यातल्या म्हशी, या सगळ्यांना लागणारं सुकं गवत खाडीतून पडावानं आणि रेल्वेच्या वाघिणींतून जाऊ लागलं. स्टेशनांजवळ गवताच्या वखारी उभ्या राहिल्या, गवत दाबून गाठी बांधणारे प्रेस आले. दुष्काळाच्या वर्षी ठाण्याच्या जंगलातलं गवत वनखात्यानं कापून, दाबून बाहेरच्या दुष्काळी मुलखातही पाठवलं. जिल्हा स्वतः वैरणीचा निर्यातदार होता.

हे गवत कापायचं कुणी? वारली, ठाकूर, कातकरी यांनी. डहाणू आणि उंबरगाव हे तालुके तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. तिथे गवताच्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या, कापणी वेठीनं किंवा नाममात्र मजुरीवर. जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातल्या टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं, तिथून शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी वारल्यांत काम सुरू केलं, आणि त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात संप झाला. मागणी होती पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपयांची. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे हा लढा मराठी वाचकाला ठाऊक आहे. मला इथे त्यातली एकच गोष्ट उचलायची आहे: मजुरी वजनावर होती. मालकाची विक्री वजनावर, मजुराची मजुरी वजनावर, आणि आजही व्यापारी गवत घेतो ते वजनावरच. मजुराच्या बाजूनं ती न्याय्य मागणी होती यात शंका नाही. पण गुराच्या बाजूनं वजन हे गवताचं सर्वांत खोटं माप आहे.

ते का, हे समजायला गवताच्या आत डोकवावं लागतं. ठाण्याच्या माळांवर आणि विरळ जंगलांत जी बारमाही गवतं वाढतात, त्यांत मारवेल, पवना, डोंगरी, कुसळी ही मुख्य. तिखाडी म्हणजे रोशा गवतही असतं, पण वास येतो म्हणून गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. ब्लॅटर आणि मॅक्कॅन यांनी १९३५ साली ‘द बॉम्बे ग्रासेस’ हा ग्रंथ काढला, तेव्हापासून मुंबई इलाख्यातल्या गवतांची शास्त्रीय नोंद आपल्याकडे आहे. १९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशातल्या गवताळ प्रदेशांची वर्गवारी केली, तीत आपला सगळा द्वीपकल्पीय भाग पवना-मारवेल या जोडीच्या नावानं ओळखला गेला. थोडक्यात, चांगली गवतं आपल्याकडे नाहीत असं नाही. पवना आणि मारवेल गुरं आवडीनं खातात आणि योग्य वेळी कापली तर त्यांची वैरण उत्तम होते.

ती योग्य वेळ फुलोऱ्याची. गवत फुलावर येतं तेव्हा त्यात साधारण सात-आठ टक्के प्रथिनं असतात. बी धरून पिकलं की तेच गवत तीन टक्क्यांवर, कधी त्याहूनही खाली येतं. सत्त्व बियांत जातं, बी जमिनीवर झडतं, आणि हातात काडी उरते. गाई-म्हशीच्या पोटातले जंतू चाऱ्याचं पचन करतात, त्यांना स्वतःला जगायला चाऱ्यात सातेक टक्के प्रथिनं लागतात. त्याखाली गेलं की पचन मंदावतं, चारा पोटात जास्त वेळ पडून राहतो, आणि गुराची भूकच मरते. त्यामुळे पिकलेलं गवत गव्हाणीत भरपूर असलं तरी जनावर ते पोटभर खात नाही. सहा किलो फुलोऱ्यातल्या सुक्या गवतातून गुराला चारशे ग्रॅमहून जास्त प्रथिनं मिळतात, सहा किलो पिकलेल्या गवतातून जेमतेम एकशे ऐंशी. वजन तेच.

आणि ठाण्यात गवत कापलं जातं ते ऑक्टोबरच्या अखेरीला किंवा नोव्हेंबरात, म्हणजे पिकल्यावर. शेतकऱ्याला हे कळत नाही असं मुळीच नाही. कुठलाही जुना गुराखी सांगेल की कोवळ्या गवतावर म्हैस दूध देते आणि पिकलेल्यावर नुसती उभी राहते. पण सप्टेंबरात गवत कापलं तर ते वाळवायचं कुठे? वाळवायला तीन-चार दिवसांचं सलग ऊन लागतं, आणि गवतातला ओलावा पंधरा टक्क्यांच्या आत आला पाहिजे. ओलं गवत गंजीत रचलं की आतून तापतं, बुरशी धरतं, काही वेळा पेटही घेतं. गणपतीनंतर उघडीप मिळते, पण ती टिकेल याची हमी कोण देणार? दुसरी अडचण माणसांची. सप्टेंबरअखेरीला हळवा भात कापणीला येतो, ऑक्टोबरात निमगरवा, पुढे गरवा. जे हात गवत कापणार तेच भात कापणार, आणि भात आधी. दिवाळी झाली की हेच कातकरी, ठाकूर कुटुंबकबिला घेऊन भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातात. मग गवताला मिळतो तो मधला अरुंद काळ. शिवाय वजनावर विकायचं तर घाई कशाला? उशिरा कापलेलं गवत वाळलेलं असतं, उंच असतं, भारे भरभर होतात, वाळवायचे कष्ट वाचतात. बाजार उशिराच्या कापणीलाच बक्षीस देतो.

इथे एक गंमत आहे, तिच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही. कोकणात ज्या वर्षी पाऊस ऑगस्टमध्ये दडी मारतो किंवा सप्टेंबरात लवकर काढता पाय घेतो, त्या वर्षी भाताचं नुकसान होतं हे खरंच. गवतही कमी वाढतं आणि ताणामुळे लवकर फुलावर येतं. पण त्याच कोरड्या दिवसांत चांगली वैरण वाळवण्याची संधी असते, जी नेहमीच्या वर्षी मिळत नाही. थोडं पण सत्त्वाचं गवत त्या वर्षी हाती लागू शकतं. आपण त्या दिवसांत आकाशाकडे बघत बसतो आणि मग नोव्हेंबरात, कमी आणि वर पिकलेलं, असं दोन्हीकडून मार खाल्लेलं गवत गोळा करतो. दुष्काळाची वैरण मे महिन्यात शोधायची नसते, ऑगस्टच्या उघडिपीत कापायची असते. जिल्ह्याच्या टंचाई आराखड्यांत हा महिना वैरणीसाठी कुठे दिसत नाही, त्यांचं घड्याळ उन्हाळ्यातच सुरू होतं.

ओलं गवत साठवण्याचा दुसरा मार्ग मुरघासाचा. गवत किंवा मका कापून दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टी करायची, दाबून हवा काढायची आणि बंद करायचं. दीड महिन्यात ते आंबून टिकाऊ होतं. मक्याचा मुरघास आता पश्चिम महाराष्ट्रात घरोघरी पोचलाय. ठाण्यात मात्र दोन गोष्टी वेगळ्या आहेत. डोंगरावरच्या गवतात साखर कमी, त्यामुळे मळी किंवा गुळाचं पाणी घातल्याशिवाय ते नीट आंबत नाही. आणि ओलावा इतका असतो की कापून एक दिवस कोमेजू द्यावं लागतं. दुसरं, पुस्तकातला मुरघासाचा खड्डा कोकणात चालत नाही. भूजल वर आलेलं असतं, खड्ड्यात पाणी शिरतं आणि सगळा माल सडतो. इथे जमिनीवरचा बांधीव हौद, प्लास्टिकचं पिंप किंवा जाड पिशवी हाच उपाय. सरकारी पत्रकात खड्ड्याचं चित्र छापून ठाण्यातही वाटलं, तर शेतकरी एकदा करून बघतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही.

गवताच्या बरोबरीनं, किंबहुना जास्तच, इथली गुरं जगतात ती भाताच्या पेंढ्यावर. उडवी रचून, मांडवावर किंवा पडवीच्या माळ्यावर ठेवलेला पेंढा हीच शेतकऱ्याची खरी बचत. एका बैलाला दिवसाला सहा किलो धरले तर आठ महिन्यांत दीड टनाच्या आसपास पेंढा लागतो. आणि पेंढा घटतोय. जुनी उंच वाणं, वाडा कोलमसारखी, लांब काडीची होती. जया, रत्ना आणि नंतरची बुटकी वाणं आली तसं धान्य वाढलं, काडी आखूड झाली. हार्वेस्टर जिथे पोचला तिथे अर्धी काडी शेतातच राहते. शिवाय राब आहे. भाताच्या रोपवाटिकेची जागा भाजायला ठाणे-रायगडातला शेतकरी शेण, पालापाचोळा, गवत जाळतो. गेल्या शतकाच्या आधीपासून या राबावरून वनखातं आणि शेतकरी यांच्यात जुंपलेली आहे. १८८५ साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे ठाणे आणि कुलाब्यातल्या लोकांची हीच तक्रार होती. वरकस जमिनीवरचं गवत गुरांना घालायचं की राबाला जाळायचं, हा हिशेब या भागातल्या घराघरांत होत असतो. राब न भाजता गादीवाफ्यावर रोपं करण्याच्या शिफारशी कृषी विद्यापीठ कितीतरी वर्षं करतंय. वैरणीचा प्रश्न राबाशी इतका बांधलेला असताना दोन खाती मात्र तो वेगवेगळ्या फायलींत ठेवतात.

पेंढ्यात प्रथिनं तीन-चार टक्के, सिलिका जास्त, आणि त्यातली ऑक्झॅलेटं गुराच्या शरीरातला चुना अडवतात. नुसत्या पेंढ्यावर उन्हाळा काढलेल्या म्हशीला रातांधळेपणा येऊ शकतो, कारण अ जीवनसत्त्व हिरव्यातूनच मिळतं. म्हणून रोज दोन-चार किलो हिरवा पाला मिळाला तरी मोठा फरक पडतो: शेवरी, गिरिपुष्प, उंबर, पिंपळ. सुबाभूळही चालतं, पण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापुढे नको. पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया हा उपाय देशात चाळीसेक वर्षं सांगितला जातो: शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दाबून तीन आठवडे बंद ठेवायचा. प्रथिनं दुप्पट होतात, काडी मऊ पडते. उपाय स्वस्त आणि खरा आहे, तरी गावोगाव पोचला नाही, कारण युरियाचं प्रमाण चुकलं की जनावर दगावतं ही भीती रास्त आहे. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला असा पेंढा देऊच नये. माझ्या मते शेतकऱ्याच्या अंगणापेक्षा दूध संघाच्या किंवा गवताच्या वखारीच्या पातळीवर, एका माणसाच्या देखरेखीखाली हे काम झालं तर ते टिकेल.

टंचाईत विकल्या जाणाऱ्या काही कल्पनांबद्दल मात्र मला शंका आहे. मातीविना ट्रेमध्ये उगवलेला हिरवा मका, ज्याला हायड्रोपोनिक चारा म्हणतात, तो प्रदर्शनात फार देखणा दिसतो. एक किलो मक्याचा सहा-सात किलो चारा होतो असं सांगतात. होतो, पण त्यातलं बहुतेक पाणी. वाळवून मोजलं तर मूळ दाण्यापेक्षा थोडं कमीच भरतं, कारण उगवताना दाण्यानं आपलंच सत्त्व खर्च केलेलं असतं. पाणी विकत घेऊन वर वीज खर्चून हे करण्यापेक्षा मका भरडून दिलेला बरा. पाण्यावर वाढणारा अझोला चांगला, पण मूठभर पूरक म्हणून. संकरित नेपियरची गोष्ट वेगळी. राहुरी कृषी विद्यापीठाचा फुले जयवंत, कोइमतूरचे सीओ-४ सारखे वाण, बायफ संस्थेचा बीएनएच-१० या गवतांनी पाणी असलेल्या शेतकऱ्याला वर्षभर हिरवा चारा दिलाय. अट पाण्याची आहे. ज्याची विहीर मार्चमध्ये तळ गाठते त्याला नेपियरची ठोंबं वाटून काय साधणार? त्याच्या माळावर मारवेल लावणं जास्त शहाणपणाचं. राहुरीनं फुले गोवर्धनसारखे मारवेलचे सुधारित वाणही दिले आहेत. मारवेल पावसावर जगतो, उन्हाळ्यात मेल्यासारखा पडून राहतो आणि पहिल्या सरीला उठतो.

उठतो खरा, जर त्याला उठू दिलं तर. बारमाही गवत आपला साठा बुडख्यात आणि मुळांत ठेवतं. जूनमध्ये पहिली पालवी फुटते ती या साठ्याच्या जोरावर. आठ महिने उपाशी असलेली गुरं नेमकी तेव्हाच माळावर सोडली जातात, आणि ती कोवळी पालवी जमिनीलगत खातात. दोन-तीन वर्षं असं झालं की पवना, मारवेल संपतात आणि कुसळी उरते, जिची कुसळं पुढे गुरांच्या तोंडात आणि कातडीत रुततात. दुष्काळानंतरचा पहिला पावसाळा म्हणूनच सगळ्यांत नाजूक. त्या वर्षी जूनच्या सरींनंतर निदान चार-सहा आठवडे माळ राखला पाहिजे. कापतानाही बुडखा तीन-चार बोटं सोडून कापला पाहिजे. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं चराईबंदी केली, गवत कापून नेण्याची मुभा ठेवली, आणि गवताचं उत्पादन शंभर टनांवरून काही हजार टनांवर गेल्याचं गाव सांगतं. हिवरे बाजारला पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास. ठाण्यात त्याच्या सहापट पडतो. पण तिथे गावाची जमीन गावाच्या हातात होती, सरपंच पोपटराव पवारांच्या मागे ग्रामसभा होती. मुरबाडच्या माळावर वनखात्याची हद्द, खासगी वरकस, मुंबईच्या माणसानं घेऊन कुंपण घातलेला फार्महाउसचा तुकडा, आणि मधेच घाणेरी-रानमोडीचं रान. राखण कुणी करायची? घाणेरी तर टंचाईत गुरं नाइलाजानं खातात आणि यकृत बिघडून उन्हात त्यांची कातडी सोलवटते.

जी राखण होते तिलाही मार्चमध्ये वणवा लागतो. माहुलीच्या, माळशेजच्या उतारांवर दरवर्षी पेटणारे हे वणवे आपोआप लागत नाहीत. कुणी मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून, कुणी पुढच्या वर्षी कोवळं गवत येईल म्हणून, कुणी विडी टाकून. उभं गवत जाळणं म्हणजे पुढच्या तीन महिन्यांची वैरण जाळणं. जानेवारीतच जाळरेषा काढणं हा वनखात्याचा जुना शिरस्ता आहे आणि जिथे तो पाळला जातो तिथे उपयोग दिसतो.

आता शहराकडे. ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी, मुंब्रा या पट्ट्यात आजही तबेले आहेत. कल्याणच्या रेतीबंदर भागातले तबेले तर पावसाळ्यात खाडीचं पाणी चढलं की बातमीत येतात, म्हशी रस्त्यावर आणाव्या लागतात म्हणून. शहरात पूर आणि शहरालाच वैरणटंचाई, हे ठाणेच करू जाणे. मुऱ्हा आणि जाफराबादी म्हशी उत्तरेतून आणि गुजरातेतून येतात, दूध आटलं की भाकड म्हशी कुठेतरी गावाकडे सांभाळायला जातात किंवा विकल्या जातात. तबेलेवाला सरकी पेंड, चुनी, भुसा बाजारातून घेतो. सुकं गवत आणि पेंढा ठाणे-पालघरच्या आणि बाहेरच्या व्यापाऱ्याकडून. मुंबईतले तबेले बाहेर हलवायचे म्हणून १९४९ साली आरे दुग्धवसाहत सुरू झाली. दारा खुरोडी यांच्या योजनेत हजारो म्हशी होत्या आणि त्यांच्याच मलमूत्राच्या पाण्यावर पॅरा गवताची शेतं होती. पुढे डहाणू तालुक्यात दापचरी प्रकल्प झाला. आरेची ती कल्पना, सांडपाण्यावर वैरण पिकवण्याची, मला आजही पटते. कल्याण-डोंबिवलीत प्रक्रिया केलेलं सांडपाणी खाडीत सोडलं जातं. पण डोंबिवलीचा रासायनिक पट्टा आणि वालधुनीचं पाणी बघता, घरगुती सांडपाणी आणि कारखान्याचं पाणी वेगळं राखल्याशिवाय त्यावर चारा पिकवू नये. नाल्याकाठचं हिरवंगार गवत कापून विकणारे आहेतच, आणि त्यातून जड धातू दुधापर्यंत जाऊ शकतात.

सुकाळात ही साखळी कशीबशी चालते. दुष्काळात ती तुटते, कारण ज्या जिल्ह्यांतून चारा येतो तिथले जिल्हाधिकारी जिल्ह्याबाहेर चारा नेण्यावर बंदी घालतात. त्यांचंही बरोबर आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात नगर, बीड, सोलापूरकडे छावण्या उघडल्या तेव्हा तिथल्या एकेका गुराच्या वाट्याचा चारा गोळा करणं हेच मोठं काम होतं. उसाचं वाढंच घालावं लागलं, ज्यातल्या ऑक्झॅलेटांवर उपाय म्हणून चुन्याची निवळी शिंपडतात. तबेल्यांच्या आणि पाळीव गुरांच्या ठाण्यात मात्र छावणी नाही, कारण इथे दुष्काळच नाही असं गृहीत. मग दुधाचे दर वाढतात आणि तबेलेवाल्यावर शिव्या पडतात.

जमिनीचा प्रश्न सर्वांत अवघड. कल्याण-डोंबिवली महापालिकेत २०१५ साली पुन्हा घेतलेल्या २७ गावांत, दावडी, निळजे, घेसर, हेदुटणे अशा गावांत, एक पिढी आधीपर्यंत गुरचरण होतं. आता टॉवर आणि रस्ते. राज्यभरातल्या गायरानांवर सव्वादोन लाखांच्या आसपास अतिक्रमणं असल्याचं सरकारनंच उच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगितलं, आणि गावाची सामायिक जमीन परत मिळवा असा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा २०११ चा आहे. पण निळज्याच्या गुरचरणावर गवत पुन्हा उगवेल असं कुणी समजू नये. ते गेलं. त्या गावांतल्या आगरी कुटुंबांत अजून बैल आहेत ते शर्यतीसाठी; डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि शर्यतीच्या बैलाला खुराक विकत आणून घातला जातो. दुभत्या म्हशीपेक्षा त्याची बडदास्त जास्त, यावर मी काही बोलत नाही.

जगभर दुष्काळाचा पहिला उपाय सांगितला जातो तो गुरं लवकर कमी करण्याचा. ऑस्ट्रेलियातला पशुपालक पाऊस लांबला की आधी कळप हलका करतो, कारण वैरण संपल्यावर विकलेल्या गुराला भाव नसतो. आपल्याकडे पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हशाची जत्रा भरते, बैलांचा मोठा बाजार. तिथे जानेवारीत विकणं आणि मे महिन्यात हाडांच्या सापळ्याला गिऱ्हाईक शोधणं यात जमीन-अस्मानाचा फरक. पण २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर म्हातारे बैल विकले जात नाहीत, ते माळावर मोकाट सुटतात आणि तिथलं गवत खातात. कायद्याच्या बऱ्यावाईटाबद्दल काहीही मत असो, ज्या गुराला गिऱ्हाईक नाही त्याच्या वैरणीची तजवीज कायद्यानं केलेली नाही, आणि तिचा भार सगळ्यात कोरड्या महिन्यात सगळ्यात गरीब घरावर पडतो.

मग काय करता येईल? जे करता येईल ते फार नवं नाही. तबेलेवाले आणि दूध संघ यांनी गवताचा सौदा नोव्हेंबरात वजनावर न करता ऑगस्टमध्ये कापणीच्या वेळेवर करावा. फुलोऱ्यात कापलेल्या, नीट वाळवलेल्या हिरवट गवताला एक दर, पिवळ्या पिकलेल्याला दुसरा, कमी. प्रयोगशाळेची गरज नाही. रंग, पान आणि वास यावरून कुठलाही तबेलेवाला दोन्हींतला फरक ओळखतो. दर वेगळा मिळाला तर मुरबाडचा शेतकरी भात कापणीच्या आधी आठ दिवस काढेल, तिकाटीवर भारे टांगून वाळवेल, नाहीतर पिशवीत मुरघास घालील. मजुराला मात्र वजनाचा जुना दर चालणार नाही, कारण कोवळ्या ओल्या गवताचं वाळून वजन निम्म्याहून कमी होतं. त्याला रोजावर घ्यावं लागेल, आणि रोज वीटभट्टीच्या तोडीचा द्यावा लागेल. यावर तबेलेवाला म्हणेल की इतकं महाग गवत परवडत नाही. त्यानं सरकी पेंडीचा हिशेब घेऊन बसावं: गवतातलं एक किलो प्रथिन आणि पेंडीतलं एक किलो प्रथिन यांची किंमत काढावी. माझा अंदाज आहे की गवत स्वस्त पडेल. हा अंदाज खरा की खोटा हे कल्याणच्या एखाद्या तबेल्यात एका हंगामात ठरवता येईल.